लिस्बनला तीन रात्री, सोबत सासूबाई: प्लॅन कसा करावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये फ्रँकफर्टला भावाकडे जाताय, मधल्या तीन रात्री लिस्बनला काढायच्यात, शनिवारी दुपारी पोचणार आणि मंगळवारी संध्याकाळी परतीचं विमान, सोबत नवरा आणि सत्तरीच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात आणि ज्या अंडंही खात नाहीत. यादी केलीय लिस्बन, सिंत्रा, कास्काइश, फातिमा आणि जमलं तर पोर्तो. नाही जमणार. पोर्तो ट्रेनने एका बाजूचेच तीन तास आहे, फातिमा सव्वाशे किलोमीटरवर, दोन्ही आत्ताच खोडून टाका. कास्काइश छान आहे पण समुद्रकिनारा बघायला कोकणातल्या माणसाने लिस्बनहून वेळ काढून जायचं काही कारण मला दिसत नाही. उरलं लिस्बन आणि सिंत्रा, आणि तेवढं तीन रात्रींना भरपूर झालं.

मी छोटे ग्रुप घेऊन युरोपात फिरवायचं काम बरीच वर्षं करतोय, त्यात आपल्याकडचे ज्येष्ठ नागरिकच जास्त. लिस्बनमध्ये लोक दमतात ते ठिकाणं खूप म्हणून नाही, चढ खूप म्हणून. मोबाइलवरच्या नकाशात हॉटेलपासून किल्ला सहाशे मीटर दिसतो, माणूस म्हणतो चला चालतच जाऊ, आणि ते सहाशे मीटर म्हणजे अख्खी टेकडी असते, वर फरशी म्हणजे चुनखडीचे छोटे छोटे गुळगुळीत चौकोनी दगड, पाऊस पडला की त्यावरून चांगले तरुणही घसरतात. म्हणून या शहराचा प्लॅन यादीवरून करायचाच नाही, उंचीवरून करायचा. एका दिवशी एकच टेकडी, वर जाताना चाकं, खाली येताना पाय. एवढं सांभाळलंत की सासूबाई तुमच्यापेक्षा जास्त फिरतील. आणि सगळ्यांना खालून चांगली पकड असलेले बूट, कोल्हापुरी नको, गुळगुळीत तळव्याचे सँडलही नकोत.

राहायचं कुठे हा पहिला निर्णय आणि तो इथेच चुकतो. अल्फामा फोटोत फार गोड दिसतं, पण तिथे बोळात गाडी जात नाही, बॅगा पायऱ्यांवरून उचलून न्याव्या लागतात. तुम्ही बाइशा, रोसियू किंवा रेस्टॉराडोरेस या भागात घ्या, हा सगळा दोन टेकड्यांमधला सपाट पट्टा आहे, मेट्रो पायाखाली, ट्राम-बस दारात. बुक करण्याआधी लिफ्ट आहे का हे लिहून विचारा, कारण तिथल्या जुन्या चार-पाच मजली इमारतींत बऱ्याचदा नसते, आणि त्यांचा पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, आपल्यासारखाच. हॉटेलच्या बिलाशिवाय शहराचा पर्यटक कर लागतो, माणशी दर रात्री ४ युरो, म्हणजे तुमचे तिघांचे ३६ युरो, ते तिथे जाऊन मागितले की फसवणूक वाटते म्हणून आधीच सांगतो.

विमानतळ गावातच आहे, लाल मेट्रो, आलामेदाला उतरून हिरव्या लाइनवर बदली, की रोसियू. पण बॅगा आणि सासूबाई असताना टॅक्सी घ्या, अंतर कमी असल्यामुळे फार महाग पडत नाही. घड्याळ जर्मनीपेक्षा एक तास मागे, म्हणजे शनिवारी तुम्हाला फुकटचा एक तास मिळतो, मंगळवारी तो परत जातो.

शनिवारी दुपारी फक्त सपाट भाग. पोचलात, चहा घेतलात, की रुआ ऑगुस्ता या पायी रस्त्याने सरळ नदीकडे चालत जा, कमानीतून बाहेर पडलात की समोर प्रासा दु कोमेर्सियू, तीन बाजूंनी पिवळ्या इमारती आणि चौथ्या बाजूला तेजो नदी, एवढी रुंद की समुद्रच वाटतो. आता इथे जरा थांबा, कारण पाटी वाचून हे कळत नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी भूकंप झाला, सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, मग नदीतून त्सुनामी आली आणि उरलेलं आगीत गेलं. राजवाडा याच चौकात होता, आणि त्याच आवारात कासा दा इंडिया, म्हणजे गोवा, वसई, चौल, दीव सगळीकडच्या व्यापाराचा हिशेब जिथून चालायचा ते ऑफिस, तेही दप्तरासकट गेलं. नंतर मार्किस द पोंबाल या राजाच्या मंत्र्याने हा भाग पट्टीने आखल्यासारखा नवा बांधला, भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घालून, भूकंपात इमारत डोलावी पण पडू नये म्हणून. तुम्ही ज्या सरळ रस्त्यांवरून चालत आलात ते म्हणजे तो आराखडा.

तिथून परत येताना चढायचं नाही. बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनात खालच्या दाराने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने शियादूत बाहेर पडा, तिकीट लागत नाही, गावातले लोकही असंच करतात. वर आलात की लार्गो दु कार्मो जवळच आहे, तिथे कार्मोचं छप्पर नसलेलं चर्च, भूकंपात पडलेल्या कमानी तशाच ठेवल्यात, आत छोटं पुरातत्त्व म्युझियम. रविवारी बंद असतं म्हणून शनिवारीच गाठा, उशीर झाला तर बाहेरूनही कमानी दिसतात. याच चौकातल्या पोलीस बरॅकमध्ये २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलू काएतानू शरण आला. त्याचा आपल्याशी संबंध असा की १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्यच केलं नव्हतं, ते मान्य झालं या क्रांतीनंतर, १९७४ च्या डिसेंबरमधल्या कराराने.

सांता जुस्ता नावाची लोखंडी उंच लिफ्ट आहे, १९०२ ची, तिच्यासाठी खाली लांबलचक रांग लागते. लिफ्टचं वरचं टोक कार्मोच्या मागेच आहे, तुम्ही ऑलरेडी वर आलेला असता, रांगेत उभं राहायची गरज नाही. आणि ग्लोरियाची ती पिवळी केबलवाली गाडी, जिचे फोटो सगळीकडे असतात, तिचा सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात होऊन १६ माणसं गेली, त्यामुळे तिच्या किंवा तसल्या इतर गाड्यांच्या भरवशावर काही ठरवू नका.

रविवार अल्फामा. प्रासा दा फिगेराहून ७३७ नंबरची बस थेट सांव जॉर्ज किल्ल्यापाशी सोडते, हीच धरा. ट्राम २८ सगळ्यांना माहीत असते, म्हणून तिच्यात उभं राहायला जागा नसते, आणि पाकीटमारांचंही ते ठरलेलं ऑफिस आहे. हौस असेलच तर सकाळी आठच्या आसपास मार्तिं मोनिझच्या पहिल्या स्टॉपवरून बसून जा, किंवा ट्राम १२ घ्या, तसलीच जुनी लाकडी गाडी, छोटी फेरी, गर्दी कमी.

किल्ल्याबद्दल माझं प्रामाणिक मत सांगू का, ज्याने रायगड-राजगड बघितलाय त्याला आत काही फार वाटणार नाही. आज दिसतात त्या तटबंदीचा बराच भाग १९३८ ते ४० च्या सुमारास नव्याने उभा केलेला आहे. मोर फिरतात, झाडं आहेत, आणि नजारा मात्र खरंच मोठा. तिकीट काढायचं नसेल तर तोच नजारा खालच्या पोर्ताश दु सोलच्या कठड्यावरून फुकट दिसतो. तिथून दोन मिनिटांवर सांता लुझिया, वेलींचा मांडव, बसायला बाकं, सासूबाईंना इथे अर्धा तास बसवा. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सची दोन चित्रं आहेत, लोक त्यांना पाठ करून सेल्फी काढतात, त्यातल्या एकात आदल्या दिवशी बघितलेला नदीकाठचा चौक भूकंपाआधी कसा होता ते काढलंय, राजवाड्यासकट. म्हणून मी शनिवारी चौक आणि रविवारी टाइल्स असा क्रम लावतो.

इथून खाली उतरायला दोन वाटा. तुम्हा दोघांपैकी एकाने अल्फामाच्या पायऱ्यांच्या बोळांतून जावं, कपडे वाळत घातलेत, खिडकीत म्हाताऱ्या बसल्यात, वाट चुकली तरी उतार नदीकडेच नेतो. सासूबाईंनी ट्रामने खाली यावं, दुसऱ्याने त्यांच्या सोबत. से म्हणजे कॅथेड्रलपाशी भेटा, ११४७ साली मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, शहर घेतल्यावर लगेच बांधायला घेतलेलं, बाहेरून चर्च कमी आणि गढी जास्त वाटते. दुपारी हॉटेलवर झोप काढा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी ऐकत नाही. रात्री फादो, म्हणजे इथलं पारंपरिक दर्दभरं गाणं, ऐकायचा असेल तर अल्फामातच छोटी खानावळ बघा, आधी फोन करून जागा ठेवा, रविवार-सोमवारी काही बंद असतात. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि कोणी बोलत नाही, वेटरसुद्धा ऑर्डर घेत नाही, तेवढं मात्र पाळायचं.

सोमवारी लिस्बनमधली बहुतेक सरकारी म्युझियम्स आणि जेरोनिमोसचा मठ बंद, म्हणूनच सोमवार सिंत्राला द्यायचा. रोसियू स्टेशनहून थेट ट्रेन, साधारण चाळीस मिनिटं, प्लॅटफॉर्म वरच्या मजल्यावर आहे पण सरकते जिने आहेत. सिंत्रात सगळे पेनाच्या रंगीत राजवाड्याकडे धावतात. त्याचं तिकीट ठराविक वेळेचं असतं, ऑनलाइन आधी काढावं लागतं, आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या गेटची नाही, गेटपासून दारापर्यंत वेगळा चढ आहे (आत छोटी शटल असते, तिचे पैसे वेगळे), वर ४३४ नंबरच्या बसची रांग, या सगळ्याला तास धरा. तुमच्याबाबतीत मी काय करेन, सासूबाईंसाठी गावातलाच राष्ट्रीय राजवाडा, तो ज्याच्या स्वयंपाकघराच्या दोन पांढऱ्या शंकूसारख्या चिमण्या लांबून दिसतात. छतावरची चित्रं, टाइल्स, आणि खरं म्हणजे इतिहास इथेच जास्त, पेना तर एकोणिसाव्या शतकातली हौस आहे. तुम्ही दोघांपैकी ज्याला पेना बघायचाच असेल त्याने सकाळच्या पहिल्या स्लॉटला जाऊन यावं. दोन्ही राजवाडे आणि रेगालेराची विहीर आणि मूरांचा किल्ला असं एका दिवसात करणारे मी बघितलेत, त्यांना संध्याकाळी काहीच आठवत नसतं. सिंत्रात धुकं आणि गारवा असतो, लिस्बनमध्ये ऊन असलं तरी जाकीट घ्या.

एक गोष्ट, बघायला मिळणार नाही पण माहिती असावी. गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याची सिंत्राजवळ पेन्या व्हेर्द नावाची वाडी होती, आणि तिथे सोमनाथ पाटणचा १२८७ सालचा संस्कृत शिलालेख नेऊन ठेवला होता, अभ्यासक त्याला सिंत्रा प्रशस्ती म्हणतात. जागा खाजगी आहे, आत सोडत नाहीत.

मंगळवार बेलेम, म्हणजे लिस्बनचाच नदीकाठचा पश्चिमेकडचा भाग, आणि हा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा अर्धा दिवस. बॅगा हॉटेलात ठेवून चेकआउट करा, काइश दु सोद्रेहून ट्रेन किंवा ट्राम १५, आणि जेरोनिमोसचा मठ उघडायच्या आधी दारात हजर. चर्च फुकट, ओवऱ्यांना तिकीट, ते ऑनलाइन काढून ठेवा. हा मठ मॅन्युएल राजाने १५०१-०२ च्या सुमारास बांधायला घेतला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या साधारण पाच टक्के कराच्या पैशातून, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मालाचा वाटा त्या नक्षीत आहे. दोरखंड, नांगर, प्रवाळ असलं समुद्रातलं सगळं दगडात कोरलंय. चर्चमध्ये शिरल्या शिरल्या डावीकडे वास्को द गामाची कबर, उजवीकडे कवी कामोइंशची, जो स्वतः गोव्यात राहून आला होता. गामा वारला कोचीला, १५२४ च्या डिसेंबरात, आधी तिथेच पुरला, मग पोर्तुगालला नेला आणि इथे तर १८८० मध्ये आणला. बहुतेक ग्रुप फोटो काढून पुढे सरकतात, तुम्ही दहा मिनिटं द्या.

तिथून नदीकाठी सपाट चालत टोरे द बेलेम, म्हणजे १५१४ ते १९ मधला बुरूज. दुरुस्तीसाठी २०२५ मध्ये बंद झाला होता, आत जायचं असेल तर जाण्याआधी साइट बघा, पण माझ्या मते बाहेरूनच बघावा, आत अरुंद गोल जिना आहे आणि गुडघ्यांचं काम नाही. बाहेरून एका छोट्या बुरजाच्या पायाशी गेंड्याचं डोकं शोधा, पावसाने झिजलंय. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहाने गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला, त्याला बघायला गर्दी लोटली, मग राजाने तो पोपला भेट पाठवला आणि वाटेत जहाज बुडालं. जर्मन चित्रकार ड्यूररने ज्या गेंड्याचं चित्र न बघताच काढलं तो हाच. मुलांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना ही गोष्ट आवडते.

शोधयात्रांचं ते मोठं स्मारक वाटेतच लागतं, १९६० चं, म्हणजे गोवा हातचा जायच्या वर्षभर आधीचं, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीचा तोरा दगडात. गामा, अल्बुकर्क, फ्रान्सिस झेवियर सगळे रांगेत उभे आहेत. वर चढू नका, खालून बघा. वेळ उरला तर परतीच्या वाटेवर प्राचीन कलेचं राष्ट्रीय म्युझियम, तिथे १५०६ मध्ये घडवलेलं सोन्याचं पूजापात्र आहे, सोनं गामाने पूर्व आफ्रिकेतल्या किल्व्याहून खंडणीत आणलेलं.

खाण्याचं. बेलेमचं १८३७ पासूनचं पेस्ट्रीचं दुकान आहे, तुम्ही खा, दालचिनी भुरभुरवून, गरम, आत टेबलं खूप असतात त्यामुळे बाहेरच्या पार्सलच्या रांगेला घाबरू नका. पण आत अंड्याचा बलक असतो, म्हणजे सासूबाईंना नाही. त्यांच्यासाठी मार्तिं मोनिझ भाग लक्षात ठेवा, भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आणि हॉटेलं सगळी तिथे, तुमच्या हॉटेलपासून सपाट रस्त्याने. साध्या कॅफेत काचेच्या पेटीत शामुसा दिसेल, तो आपलाच सामोसा, गोवा-मोझांबिकवरून तिकडे गेलेला, पण आत बहुतेक वेळा बीफ किंवा चिकन असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. सूप शाकाहारी वाटलं तरी काल्दू व्हेर्द नावाच्या हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती असते. मोबाइलमध्ये पोर्तुगीजमध्ये मांस नको, मासा नको, अंडं नको असं लिहून ठेवा आणि दाखवा, शाकाहारी एवढंच म्हटलं तर ट्यूना येऊ शकतो. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नाही, खाल्लंत तर बिलात येतं, नको असेल तर हात न लावता परत करा, कोणी वाईट वाटून घेत नाही. नळाचं पाणी चालतं. ऑक्टोबरच्या शेवटाकडे जात असाल तर रस्त्यावर भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागतात, त्या सासूबाईंना नक्की.

पैसे आणि तिकिटं पटकन. प्रत्येकाचं वेगळं नावेगान्त कार्ड, अर्ध्या युरोचं, त्यात पैसे भरून मेट्रो, बस, ट्राम, सिंत्राची ट्रेन सगळं चालतं, एका कार्डावर तिघं जाऊ शकत नाहीत. पर्यटकांसाठीचं लिस्बोआ कार्ड घ्यायचंच असेल तर ४८ तासांचं आणि सोमवारी सकाळी सुरू करा, म्हणजे सिंत्राची ट्रेन आणि मंगळवारचा मठ दोन्ही त्यात बसतात, शनिवारी सुरू केलंत तर अर्धं वाया. ६५ च्या वरच्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, सासूबाईंचा पासपोर्ट हाताशी ठेवा, पण पर्सच्या बाहेरच्या खिशात नाही. एटीएम मल्टीबांकू लिहिलेलंच वापरा, आणि मशीनने रुपयांत घेऊ का युरोत विचारलं तर युरो. बाइशात कोणी कानाशी येऊन गांजा-चरस पुटपुटलं तर न थांबता पुढे चला, बहुतेक वेळा ती नुसती पानं असतात.

व्हिसा जर्मनीचा काढायचा, कारण जास्त दिवस तिकडे आहात, तोच पोर्तुगालला चालतो. फी ९० युरो, किमान ३०,००० युरोचा विमा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण सुट्ट्यांच्या हंगामात अपॉइंटमेंटच मिळत नाही तेव्हा आत्ताच हलवा. इमिग्रेशनची तपासणी फ्रँकफर्टलाच होईल, लिस्बनला उतरल्यावर ती नाही, पासपोर्ट तरीही सोबत लागतोच.

आता सोमवारचा पर्याय, कारण पोर्तुगालात रेल्वेचे संप होतात आणि सिंत्रात पाऊस लागला तर काही दिसत नाही. रविवारी रात्री रेल्वेची साइट बघा. गडबड असेल तर लाल मेट्रोने ओरिएन्तला जा, पार्के दास नासोइंश, १९९८ च्या एक्स्पोसाठी बांधलेला सगळा सपाट भाग, मत्स्यालय सोमवारीही उघडं असतं आणि युरोपातल्या चांगल्यांपैकी एक आहे, समोर १७ किलोमीटरचा वास्को द गामा पूल. तिथेच नदीकाठी गार्सिया द ओर्ताच्या नावाची बाग आहे. हा ज्यू वंशाचा वैद्य गोव्यात राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, आणि मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. बागेला तिकीट नाही, बाकं भरपूर आहेत, आणि मेट्रोपर्यंत परत यायला एकही चढ नाही.